बूट घालताना दिलेला होकार

उवेचं मराठी पहिल्यांदा ऐकणारा माणूस आधी दचकतो आणि मग हसू लपवायला खिडकीबाहेर बघतो. उंची दाराच्या चौकटीला टेकणारी, फ्रँकफर्टमध्ये बस चालवण्याची नोकरी, आवाज त्या बसच्या हॉर्नला साजेसा, आणि हा गडी घरात शिरताना म्हणणार, "आले गं मी. आज फार दमले." चूक त्याची नाही. सुनेत्राशी लग्न झाल्यावर त्याने मराठी शिकायचं मनावर घेतलं आणि शिकवणी लावली ती थेट साताऱ्याच्या सासूबाईंकडे, दर रविवारी व्हिडिओ कॉलवर. सासूबाई जशा बोलतात तसा जावई बोलतो. सुनेत्राने पहिली काही वर्षं ते सुधारून पाहिलं, मग नाद सोडला. जर्मन नवरा मराठी बोलतो हेच पुष्कळ. तो बोलतो की बोलते यावरून संसारात वाद कशाला?

पण याच मराठीवर विसंबून तिने एक दिवस आपलं नाव कंपनीच्या नोटीस बोर्डावर लावून घेतलं, आणि मग मात्र तिला घाम फुटला.

कंपनी सॉफ्टवेअरची, फ्रँकफर्टला लागून असलेल्या एश्बॉर्नच्या काचेच्या इमारतींपैकी एका इमारतीत दोन मजल्यांवर पसरलेली. माणसं ऐंशी-नव्वद, आणि त्यांत आपली मराठी डझनभर. ही डझनभर माणसं आपोआप गोळा झालेली नव्हती. शाखाप्रमुख दीनानाथदादा मूळचे पुण्याचे, जर्मनीत तीस वर्षं मुरलेले, आणि त्यांनीच एकेकाला निवडून आणलेलं. नुसतं आणून सोडलं नाही. विमानतळावर स्वतः गाडी घेऊन गेले, घर मिळेपर्यंत आपल्याकडे ठेवून घेतलं, आनमेल्डुंगच्या, म्हणजे पत्ता नोंदवायच्या, रांगेत शेजारी उभे राहिले, कुणाचं मूल तापलं तर डॉक्टरची वेळ घेऊन दिली. "हे ऑफिस नाही, कुटुंब आहे," असं दादा म्हणायचे आणि ते अगदी खरं होतं. कुटुंबाचा तोटा एवढाच, की तिथे वडीलधाऱ्यांना प्रश्न विचारायची पद्धत नसते.

आणि त्या शरद ऋतूत विचारण्यासारखा प्रश्न मोठा होता. मुख्य कचेरी ड्युसेलडॉर्फला. एश्बॉर्नची शाखा उन्हाळ्यापर्यंत तिकडे हलवायची, असं वरच्यांच्या मनात होतं. अधिकृत कुणी काही बोललं नव्हतं, त्यामुळे सगळ्यांना सगळं माहीत होतं. एश्बॉर्नला फक्त पाच खुर्च्या राहणार, बाकीच्यांनी ड्युसेलडॉर्फला यायचं किंवा आपला रस्ता धरायचा.

सुनेत्राला ड्युसेलडॉर्फ शक्यच नव्हतं. घर ऑफिसपासून पायी पाच मिनिटांवर, आणि त्या घराच्या तळमजल्यावर उवेची आई, हानेलोरे. खुब्याचं ऑपरेशन झाल्यापासून म्हातारी चाकांचा वॉकर ढकलत या खोलीतून त्या खोलीत जायची. उवेच्या पाळ्या बदलत्या. दुपारी घरी जाऊन तिला जेवायला वाढायचं, औषध द्यायचं, तिच्या तक्रारी ऐकायच्या, हे काम सुनेत्राचं. सुनेला ते ओझं वाटत नव्हतं, हीच खरी अडचण होती. लग्न करून आलेल्या परक्या मुलीला या बाईने पहिल्या दिवशी आपली बटाट्याच्या सूपची कृती दिली होती आणि तेव्हापासून कधी परकं मानलं नव्हतं. हानेलोरेला न आवडलेल्या गोष्टीवर ती सरळ "नाइन", म्हणजे "नाही", म्हणायची, आणि तो विषय संपायचा. सुनेत्राला त्या नाइनचा मनातून हेवा वाटायचा.

ड्युसेलडॉर्फची कुणकुण घरात आली त्या दिवशी उवेच्या डोळ्यांत चमक आली. तीस वर्षं युनियनमध्ये काढलेला माणूस. आपल्याकडे गल्लीतल्या पोरांना गणपतीची वर्गणी मागत फिरायला जसा चेव येतो, तसा त्याला पत्रकं वाटायला येतो.

"बेट्रीब्सराट!" तो म्हणाला. "तुमच्याकडे नाही ना? मग निवडा की!"

बेट्रीब्सराट म्हणजे कर्मचाऱ्यांनी आपल्यातून निवडलेली समिती. ती असली की कंपनीला शाखा हलवण्याआधी तिच्यासमोर बसून बोलणी करावी लागतात. कोण जाणार, कोण राहणार, जाणाऱ्याचं काय, राहणाऱ्याचं काय. समिती नसली की ईमेल येतं आणि आपण वाचतो.

"आल्झो, सोपं आहे," उवे म्हणाला. "तीन जणींनी नोटीस लावायची, मीटिंग बोलवायची. मीटिंगमध्ये निवडणूक मंडळ नेमायचं. ते नेमलं की निवडणूक झालीच समज."

तिघांपैकी दोघं तयार होते. अकाउंट्समधली हायके आणि सर्व्हरवाला मारेक. तिसरं नाव हवं होतं, आणि ते मराठी असलं तर ही डझनभर माणसं येतील, असा हायकेचा हिशोब.

"आणि ती आलीच नाहीत तर?" सुनेत्रा म्हणाली. "बोर्डावर माझं नाव, खाली रिकामी कॅन्टीन. दादांना तोंड कसं दाखवू? आपले आठ-दहा जण येणार हे पक्कं कळू दे. तरच मी नाव देईन."

"गेनाऊ, अगदी बरोबर," उवे म्हणाला. "बोलव सगळ्यांना घरी. मी विचारते."

शनिवारी दुपारी मंडळी आली. सुनेत्राने बटाटेवडे केले, उवेने सफरचंदाचा केक. शिरीष आला, जो कंपनीत सगळ्यांत जुना आणि सगळ्यांत सावध. सिग्नल हिरवा झाला तरी तो दोन्हीकडे बघून मग रस्ता ओलांडतो. अश्लेषा आली नवऱ्याला आणि लहानग्या मुलीला घेऊन. राजस आला, बिनलग्नाचा, दोन दिवसांचा उपाशी असल्यासारखा. बाकीचेही आले. किटामध्ये, म्हणजे पाळणाघरात, जागा कशी मिळत नाही यावर बोलणं झालं, घरभाड्यावर झालं, साताऱ्याचे कंदी पेढे इथे कुठे मिळतात यावर तर फारच झालं. शेवटी सुनेत्राने घसा खाकरून विषय काढला. सगळ्यांनी मान डोलावली. कुणी म्हणालं, "खरंय, काहीतरी करायला पाहिजे." कुणी म्हणालं, "कल्पना चांगली आहे हं." शिरीषने विचारलं, "पण दादांना वाईट नाही का वाटणार?" त्यावर सगळे आपापल्या ताटलीत बघायला लागले, आणि तेवढ्यात खालून हानेलोरेने हाक मारली म्हणून सुनेत्रा खाली गेली.

ती वर आली तेव्हा पाहुणे गेले होते आणि उवे दारात उभा होता. लॉटरी लागल्यासारखा चेहरा.

"सगळ्या येणार!"

"काय सांगतोस?"

"मी दारात उभी होते. एकेकीने स्वतःहून सांगितलं. शिरीषने तर दोनदा सांगितलं!"

शिरीषने दोनदा? सुनेत्राचा विश्वास बसेना, पण आनंद असा होता की शंका घ्यायचं सुचलंच नाही. सोमवारी तिने हायकेला होकार दिला, आणि दुपारपर्यंत कॉफी मशीनशेजारच्या बोर्डावर नोटीस लागली. तीन नावं. मधलं तिचं.

नोटिशीसमोर अश्लेषा उभी होती. सुनेत्रा तिच्याजवळ गेली आणि म्हणाली, "तुम्ही सगळे येणार म्हणालात ना, फार धीर आला गं."

"कुठे येणार?" अश्लेषा म्हणाली.

"मीटिंगला."

"कधी म्हणालो आम्ही?" अश्लेषाने विचारलं. ती थट्टा करत नव्हती. तिला खरंच माहीत नव्हतं.

त्या संध्याकाळी उवे कामावरून आला. जॅकेट काढायच्या आत सुनेत्राने त्याला स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर बसवलं.

"शनिवारी अश्लेषा तुला नेमकं काय म्हणाली? जसंच्या तसं सांग."

"ती म्हणाली, 'येते हं, उवे.'"

"कधी म्हणाली?"

"दारात."

"दारात काय करत होती?"

उवेने आठवलं. "बूट घालत होती."

सुनेत्राने डोक्याला हात लावला. "आणि शिरीष?"

"शिरीष म्हणाला, 'चला, येतो.' मी विचारलं, 'नक्की?' तो म्हणाला, 'हो हो, उशीर झाला, येतोच आता.' आणि राजस फार नम्र मुलगा. तो विचारत होता, 'येऊ?' मी म्हटलं, 'ये ना! जरूर ये!'"

राजसला त्या दिवशी काय वाटलं असेल, हे सुनेत्राच्या डोळ्यांसमोर आलं. इतक्या उत्साहाने त्याला कुणीच कधी घराबाहेर काढलं नसेल.

"उवे," ती हळूच म्हणाली, "मराठी माणूस निघताना 'येतो' म्हणतो. 'जातो' म्हणणं अशुभ. येतो म्हणजे चाललो. येतो म्हणजे च्यूस!"

उवे म्हणाला, "पण आई तर 'ठेवते' म्हणतात."

इथे सुनेत्राला सगळं कळलं. त्याचं सगळं मराठी फोनवरचं. साताऱ्याच्या आई शिकवणी संपवताना "बरं, ठेवते हं" म्हणायच्या. निरोपाचा दुसरा शब्द त्याच्या कानावर कधी पडलाच नव्हता. साताऱ्याहून परत निघताना सगळे दारात रडत असत आणि हा खाली गाडीत बॅगा भरत असे.

"म्हणजे एक पण नाही?" उवेने विचारलं.

"एक पण नाही."

"पण 'काहीतरी करायला पाहिजे' म्हणाल्या. 'बघू' म्हणाल्या."

"बघू म्हणजे नाही. विचार करतो म्हणजे नाही. कळवतो म्हणजे तर अजिबात नाही."

"मग तुमच्यात हो कसं म्हणतात?"

हा प्रश्न तिला कुणी कधी विचारला नव्हता. ती म्हणाली, "हो कुणी म्हणत नाही. यायचं असलं की माणूस विचारतो, पार्किंग मिळेल का, खायला काय आहे."

उवे हसेल असं तिला वाटलं होतं. तो हसला नाही. एवढा मोठा माणूस खुर्चीत चोरासारखा बसला आणि म्हणाला, "माझ्यामुळे तुझं नाव लागलं." यावर तिला रागवायचं होतं, ते राहूनच गेलं.

दुसऱ्या दिवशी दीनानाथदादांनी केबिनमध्ये बोलावलं. दादांनी थर्मासमधून चहा ओतला. आलं घातलेला, घरचा.

"मशीनची कॉफी पिऊन पिऊन पोट बिघडवाल सगळे," ते म्हणाले. "बस. हानेलोरेबाईंचा पाय कसा आहे?"

"बरा आहे, दादा."

"आल्झो, ती नोटीस वाचली. जर्मन सुरेख आहे. उवेचं ना?" दादा हसले. त्यांच्या हसण्यात जराही विष नव्हतं, हे आणखीच वाईट. "अगं, पण मला येऊन सांगायचंस ना. आपल्या आपल्यात ही बेट्रीब्सराटची भानगड कशाला? घरातल्या गोष्टी घरात मिटतात. तुझी अडचण मला माहीत नाही का?" त्यांनी दार बंद आहे ना ते पाहिलं आणि आवाज खाली आणला. "पाच खुर्च्या राहतायत. त्यातली एक तुझी. माझा शब्द. फक्त कुठे बोलू नकोस, आणि त्या मीटिंगचं तेवढं बघ."

सुनेत्राच्या तोंडून सवयीने निघून गेलं, "बघते, दादा."

दोघंही अस्सल मराठी. तरी त्या 'बघते'चा अर्थ काय, हे त्या दिवशी दोघांपैकी कुणालाच कळलं नाही.

दुपारी हानेलोरेला सूप वाढताना सुनेत्रा गाणं गुणगुणत होती. खुर्ची राहिली, घर राहिलं, म्हातारीचं दुपारचं जेवण राहिलं. मीटिंग नाही तर नाही. नाहीतरी येणार कोण होतं? संध्याकाळपर्यंत मात्र गाणं घशात अडकायला लागलं. अश्लेषाच्या मुलीला दीड वर्ष थांबून किटामध्ये जागा मिळाली होती. शिरीषचं घर या वर्षी घेतलेलं. आपण गुपचूप खुर्चीत बसून राहायचं आणि यांच्या निरोपाच्या केकला वर्गणी काढायची?

निदान एकीला तरी तोंडावर सांगावं, म्हणून ती अश्लेषाकडे गेली. कारण सांगायचं नाही, फक्त मीटिंग रद्द करतेय एवढंच सांगायचं, असं वाटेत ठरवलं. अश्लेषा मुलीला भात भरवत होती. मूल एक घास खाई आणि एक घास आईच्या ओढणीला पुसून ठेवी.

"मी नोटीस काढून घेतेय गं," सुनेत्रा म्हणाली.

"बरं करतेयस," अश्लेषा पटकन म्हणाली. "उगाच दादांना त्रास. नाहीतरी मी..." आणि तिने जीभ चावली.

"नाहीतरी काय?"

"काही नाही."

"अश्लेषा."

"कुणाला सांगू नकोस हं," अश्लेषा म्हणाली. हातातला घास तसाच राहिला. "दादांनी मला शब्द दिलाय. पाच खुर्च्यांपैकी एक माझी. म्हणाले, तुझ्या किटाचं मला माहीत नाही का?"

सुनेत्रा म्हणाली, "मलाही दिलाय."

भाताची वाटी खाली ठेवून अश्लेषाने राजसला फोन लावला. राजसने आधी कानावर हात ठेवले, मग अडखळला, मग कबूल झाला. त्यालाही शब्द होता. त्याने इथे जर्मनचा क्लास लावलाय ना, तो कसा मोडायचा, असं दादा म्हणाले होते. राजसने मग बाकीच्या सगळ्यांना विचारलं, आणि त्यांनाही शब्द होता. शिरीषने तर पाऊण तास तोंडात मिठाची गुळणी धरली, आणि शेवटी त्याच्या बायकोने फोन घेऊन सांगितलं की हो, यांनाही दिलाय, आणि आता मला झोपेच्या गोळ्या सोडता येतील असं वाटलं होतं.

खुर्च्या पाच, आणि शब्द मिळालेली माणसं डझनभर. सुनेत्राला आधी हसू फुटलं. मग असा राग आला की घरी जाताना ती आपल्या वळणाच्या दोन गल्ल्या पुढे गेली. आणि परत फिरताना तिला वाटलं, दादांनी खोटेपणा केलाच नव्हता. समोर बसलेल्या माणसाला, ज्याला आपण विमानतळावरून आणलं त्याला, त्यांना नाही म्हणता आलं नव्हतं. एकेकाला. प्रत्येक वेळी चहा पाजून. आणि आपण तरी त्यांना काय म्हणालो? बघते.

उवेने सगळं ऐकलं. युनियनवर एखादं भाषण येईल म्हणून ती वाट बघत होती. तो फक्त एवढंच म्हणाला, "नाव तुझं आहे. काढायचं तर काढ, मी काही म्हणणार नाही."

"नाही काढत," ती म्हणाली.

मग प्रश्न आला, सगळ्यांना एकत्र बोलवायचं कुठे. व्हॉट्सॲपवर 'एश्बॉर्न कट्टा' होता, पण तो दादांनीच काढलेला. रोज सकाळी पहिलं 'सुप्रभात' त्यांचं. तेव्हा अश्लेषाने नवा ग्रुप काढला, आणि जर्मनीत आल्यापासून पहिल्यांदाच या माणसांचा एक ग्रुप असा झाला ज्यात दीनानाथदादा नव्हते. त्याला नाव काय द्यावं कुणाला सुचेना. चोरी केल्यासारखं वाटत होतं सगळ्यांनाच. सुनेत्राने लिहिलं, "दादांनी मलाही शब्द दिलाय. खुर्च्या पाच आहेत. मीटिंग गुरुवारी, कॅन्टीनमध्ये, दुपारी." एकामागून एक निळ्या खुणा तेवढ्या उमटत होत्या. मग शिरीषचा मेसेज आला.

"कॅन्टीनमध्ये म्हणजे जेवूनच यायचं की तिथे काही असेल?"

सुनेत्राने फोन उवेसमोर धरला. उवेने वाचलं, पुन्हा वाचलं, आणि त्या राक्षसासारख्या माणसाने टेबलावर अशी मूठ आपटली की खालून हानेलोरेने वॉकर जमिनीवर ठोकला.

गुरुवारी उवेने सकाळी उठून चाळीस सँडविच केली आणि डब्यात भरून दिली. त्याला स्वतःला मीटिंगला जाता येत नव्हतं, कारण तो कंपनीचा नव्हता, आणि ते दुःख त्याने पावाला लोणी लावण्यात बुडवलं. कॅन्टीन भरली. हायकेने खुर्च्या कमी पडल्या म्हणून वरच्या मजल्यावरून आणवल्या. मारेक दाराशी उभा राहून नावं विचारत होता. मराठी मंडळी मागच्या ओळीत एकमेकांना चिकटून बसली होती, शाळेच्या सहलीला आल्यासारखी. शिरीष तिसरं सँडविच घेऊन मध्यभागी होता. एवढी माणसं बघून कुणी येणार नाही ही सुनेत्राची भीती गेली, आणि दुसरीच वाटायला लागली: आता हे खरंच होणार.

सुरुवात व्हायच्या जरा आधी तिला काचेच्या दारापलीकडे दादा दिसले. ती बाहेर गेली.

"सगळे आलेत," दादा म्हणाले. ते काचेतून आत बघत होते.

"हो, दादा."

"शिरीष पण?"

"हो."

दादा हसले, पण ते हसू चेहऱ्यावर धड बसलं नाही. "मी प्रत्येकाला म्हटलं होतं, खुर्ची देतो. खरंच वाटत होतं गं मला, की काहीतरी करीन. ड्युसेलडॉर्फला भांडीन, पाचाच्या दहा करून घेईन." त्यांनी कोटाचं बटण लावलं, काढलं. "आज सकाळी तिकडून फोन होता. म्हणाले, तिथे शाखाप्रमुख आहेच. दोन कशाला?"

तीस वर्षं. विमानतळावर गाडी घेऊन उभा असलेला माणूस, आणि त्याला न्यायला कुणी येणार नव्हतं.

"तुमच्या या समितीत," दादांनी काचेवर बोट टेकवून विचारलं, आवाज एकदम लहान झाला, "माझ्यासारख्याचं काही बसतं का? माझ्या वतीने बोलेल का ती?"

तिला उत्तर माहीत होतं. उवेने तिच्याकडून कायदा घोकून घेतला होता. शाखाप्रमुख, माणसं नेमणारा, काढणारा, समितीच्या कक्षेत येत नाही. त्याचं मत नाही, त्याच्यासाठी बोलणीही नाहीत. आणि तिच्या जिभेवर सगळे जुने शब्द रांगेने येऊन उभे राहिले. बघू. विचारून सांगते. काहीतरी करू ना, दादा. त्यांतला कुठलाही शब्द दिला असता तर दादा समाधानाने केबिनमध्ये जाऊन बसले असते आणि वाट बघत राहिले असते, गेले काही आठवडे ही बाकीची माणसं बघत बसली होती तशी.

"नाही, दादा," ती म्हणाली. "तुम्हाला ती लागू होत नाही. तुम्हाला वकील बघावा लागेल. लगेच. युनियनमधला एक चांगला माणूस उवेच्या ओळखीचा आहे, त्याचा नंबर मी आज देते. पण समितीत नाही."

दादांनी तिच्याकडे पाहिलं. त्यांना लागलं होतं, ते दिसत होतं, आणि ते लपवायचा त्यांनी प्रयत्न केला नाही.

"मला तुमच्यातलं कुणी इतक्या वर्षांत नाही म्हणालं नव्हतं," ते म्हणाले.

"हो ना," सुनेत्रा म्हणाली. "आम्ही फार चुकलो."

आतून हायकेने हात केला. दादांनी तिच्यासाठी दार उघडून धरलं, जसं ते नेहमी सगळ्यांसाठी धरायचे. "जा," ते म्हणाले. "नंबर मात्र दे आज."

ती आत जाऊन पुढे उभी राहिली. हायकेने विचारलं, निवडणूक मंडळात सुनेत्रा असावी असं कुणाकुणाला वाटतं? खुर्च्या सरकल्या आणि हात वर झाले, पुढच्या ओळीतले आधी, मग मागच्या ओळीतले सगळे एकदम, शिरीषचा सँडविचसकट. स्वतःचाही हात वर करायचा असतो, हे हायकेने तिला खुणेने सांगितलं. सुनेत्राला रडू आवरत नव्हतं. तिने डाव्या हाताने डोळे पुसले आणि उजवा वर केला.